फोर्टातली स्टीव्हन्स फेरी : विषय उत्तम, क्रम उलटा

सकाळी 8 वाजता सीएसएमटीसमोर जमायचं, तीन तास चालायचं आणि 11 च्या सुमारास रीगल सर्कलला पांगायचं, अशी ही हेरिटेज फेरी आहे. विषय एकच माणूस: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. 1847 मध्ये इंग्लंडातल्या बाथला जन्म, 1867 मध्ये हिंदुस्थानातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याची परीक्षा पास, आणि 1900 मध्ये मुंबईतच हिवतापाने मृत्यू. फेरी नेणाऱ्या मंडळींचं नाव इथे देत नाही, कारण ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या त्यांच्या एकट्यांच्या नाहीत. फोर्टात एखादा वास्तुकार धरून फेरी नेणारे बरेच जण याच चुका करतात. त्यामुळे हे परीक्षण कुठल्याही फेरीला जाण्याआधी उपयोगी पडावं.

आधी निकाल सांगून टाकतो. विषयाची निवड अव्वल आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका आर्किटेक्टची नोकरीतली पहिली मोठी इमारत, कळसाची इमारत आणि स्वतःचा व्यवसाय थाटल्यानंतरची कामं, सगळं दोन-अडीच किलोमीटरांच्या आत उभं आहे आणि वापरातही आहे. सांगणाऱ्याची तयारी चांगली होती, आवाज पोचत होता, इमारतींची सालं बरोबर होती. पण फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे नेतात आणि त्यामुळे स्टीव्हन्सचं आयुष्य शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडतं. व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, आधी पाहिल्यावर रीगलजवळचं पोलीस मुख्यालय, म्हणजे त्याची पहिली मोठी इमारत, कुणाच्या डोळ्यांत भरणार? लोक तिथे पोचेपर्यंत दमलेले असतात, फोटो काढून घरी जातात. खरं तर या माणसाची किल्ली तिथेच आहे.

म्हणून पहिली सूचना: फेरी रीगलपासून सुरू करायला सांगा. गट लहान असेल तर मंडळी ऐकतात. नाही ऐकलं तर स्वतःच उलटं चाला. भूगोल आपल्या बाजूने आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललं की मुख्य तीन इमारती बांधल्या त्याच क्रमाने समोर येतात.

रीगल सर्कलच्या मधोमध वेलिंग्टन फाउंटन आहे. तिथे उभं राहिलं की आजचं महाराष्ट्र पोलीस मुख्यालय, म्हणजे मूळचं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, पूर्ण दिसतं. आत सोडत नाहीत, फाटकाशी रेंगाळूही देत नाहीत, तेव्हा पाहायचं ते इथूनच. ड्यूक ऑफ एडिंबराने 1870 च्या भेटीत पायाभरणी केली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 2 लाख रुपये दिले, 1872 ते 1876 मध्ये बांधकाम झालं. 20 अधिकारी आणि 58 खलाशी राहतील अशी सोय. पुढे 1928 पासून इथे कायदेमंडळ बसत होतं. हे सगळं फेरीत सांगितलं गेलं. जे सांगितलं गेलं नाही ते दगडात आहे.

भिंतीचं अंग निळसर काळ्या पाषाणाचं आहे आणि कमानी, पट्टे, खांबांचे माथे वेगळ्या रंगाच्या दगडाचे. कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा पांढुरका, हेमनगरचा लालसर. यात शोभा आहेच, पण हिशेबही आहे. काळा पाषाण कठीण. पाणी पीत नाही, झिजत नाही, पण त्यावर बारीक नक्षी काढायची तर छिन्नी टेकीला येते आणि मजुरी अंगावर येते. पोरबंदरचा चुनखडी दगड मऊ. पानं, फुलं, चेहरे सहज निघतात. म्हणून जिथे भार तिथे पाषाण आणि जिथे कोरीव काम तिथे पोरबंदर, ही वाटणी. स्टीव्हन्सने बाथमध्ये तिथल्या शहर-वास्तुकाराकडे, चार्ल्स डेव्हिसकडे, उमेदवारी केली होती. बाथ हे सगळं शहरच मऊ चुनखडी दगडाचं. पोरबंदरचा दगड त्याच्या हाताला परका वाटला नसावा, असं या इमारतीसमोर उभं राहिल्यावर पटतं. वरच्या त्रिकोणी गॅबलमध्ये समुद्रदेव नेपच्यून, जलकन्या आणि समुद्री घोडे आहेत. ते नुसत्या डोळ्यांना पुसट दिसतात. 8 पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण खिशात टाका. या फेरीत कॅमेऱ्यापेक्षा ती कामाची.

त्याच सर्कलवर रीगल सिनेमा आहे. तो 1933 चा, स्टीव्हन्सच्या मुलाचा, चार्ल्स स्टीव्हन्सचा. बापाची टोकेरी कमानींची गॉथिक शैली आणि मुलाची सरळ रेषांची आर्ट डेको, मध्ये एक रस्ता आणि साठेक वर्षं. फेरी इथे संपत असूनही सांगणाऱ्याने रीगलकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, याचं वाईट वाटलं. वडिलांचा व्यवसाय मुलाने चालवणं हा त्या काळातल्या आर्किटेक्टच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग, आणि त्याचा पुरावा पन्नास पावलांवर.

इथून काळा घोड्याकडे निघालं की फेरीतला सर्वात ढिला अर्धा तास येतो. वॉटसन हॉटेलसमोर बराच वेळ गेला. 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट तिथे दाखवले गेले, ही गोष्ट पुन्हा ऐकायला हरकत नाही, पण स्टीव्हन्सचा त्याच्याशी संबंध नाही. तो वेळ एल्फिन्स्टन कॉलेज आणि हायकोर्टाला द्यायला हवा होता, कारण स्टीव्हन्सची नोकरी म्हणजे काय हे तिथे कळतं. 1862 मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले, किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची रांग उभी राहू लागली. ती उभारणारे बरेचसे लष्करी इंजिनिअर होते. जुनं सचिवालय आणि बांधकाम खात्याची इमारत कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांची, हायकोर्ट कर्नल जॉन फुलर यांचं. फुलरच्या हाताखाली 1868 मध्ये पुण्याहून बदलून आलेला वीस-एकवीस वर्षांचा स्टीव्हन्स होता, आणि त्याच कचेरीत मंचरजी कावसजी मर्झबानही होते. जेम्स ट्रबशॉबरोबर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीवर त्यांचं नाव लागतं आणि पुढे कामा हॉस्पिटलही त्यांच्या हातून झालं. म्हणजे एका खात्याच्या छताखाली लष्करी इंजिनिअर, उमेदवारी करून आलेला इंग्रज आर्किटेक्ट आणि पारशी इंजिनिअर एकत्र काम करत होते. आपण ‘अमुकने बांधली’ असं म्हणतो तेव्हा ही सगळी कचेरी त्या एका नावामागे लपते. स्टीव्हन्सवर जीव असूनही हे म्हणायला हवं.

युनिव्हर्सिटीजवळून जाताना एक गोष्ट मात्र छान सांगितली गेली: सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरचे आराखडे लंडनला बसून केले, ते मुंबईत कधी आलेच नाहीत. त्याला जोडून विल्यम एमर्सनचं नाव घेता आलं असतं. तो तरुणपणी मुंबईत आला, क्रॉफर्ड मार्केट उभं केलं, आणि पुढे लंडनला जाऊन ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष झाला. कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. एक न येता काम करणारा, एक येऊन परत गेलेला, आणि स्टीव्हन्स इथे राहून इथेच मातीआड झालेला. व्हिक्टोरियन आर्किटेक्टला हिंदुस्थानात करिअर करण्याच्या या तीन वाटा होत्या आणि त्यांच्या खुणा या एका टप्प्यात दाखवता येतात.

फ्लोरा फाउंटनच्या चौकातली ओरिएंटल बिल्डिंग स्टीव्हन्सच्या खासगी व्यवसायातली. तिथे पाच मिनिटं पुरेत. मिंट रोडच्या नाक्यावरचं मुळजी जेठा फाउंटन, 1894 चं, मात्र चुकवू नका. रतनसी मुळजींनी मुलाच्या, धरमसीच्या, आठवणीसाठी ते बांधून घेतलं. व्हीटीवरचं कोरीव काम साठ-सत्तर फुटांवर मान वर करून पाहावं लागतं. इथे तसंच काम हाताच्या अंतरावर आहे. प्राण्यांची तोंडं, पानांची वळणं, छिन्नीची धार कुठे थांबली ते दिसतं. दुरुस्ती झाल्यामुळे स्थितीही चांगली आहे.

आता व्हीटी. सरकारी नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस; आर्किटेक्टच्या कागदांतलं नाव व्हिक्टोरिया टर्मिनस, 1887 च्या राणीच्या सुवर्णमहोत्सवात दिलेलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सरकारकडून स्टीव्हन्सची सेवा उसनी घेतली. तो सुमारे दहा महिने युरोपातली स्टेशनं पाहत फिरला, 1878 मध्ये काम सुरू झालं, 1888 मध्ये पूर्ण. आराखड्याचं प्रसिद्ध जलरंगातलं चित्र ॲक्सेल हेग या चित्रकाराने 1878 मध्ये केलं. इथे एक धंद्यातली गोष्ट लक्षात घ्यावी: मालकाला इमारत ‘विकायची’ तर नकाशा पुरत नाही, देखणं चित्र लागतं, आणि ते काढणारा माणूस वेगळा असतो.

या टप्प्यावर फेरीत तीन चुका कानावर पडल्या. त्या सगळीकडे पसरल्या आहेत म्हणून नीट सांगतो.

पहिली: ‘स्टीव्हन्सला 16 लाख रुपये फी मिळाली.’ 16 लाखांच्या घरातला आकडा इमारतीच्या खर्चाचा आहे. कुठल्याही काळात आर्किटेक्टची फी इमारतीच्या किमतीइतकी नसते, त्यातून हा तर पगारी सरकारी माणूस. दुसरी: ‘मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनचे आणि व्हीटीचे नकाशे अदलाबदल झाले.’ फ्लिंडर्स स्ट्रीटची स्पर्धा 1899 मध्ये झाली. व्हीटी तोवर पुरं होऊन अकरा वर्षं झाली होती. तिसरी थोडी खरी आहे: ‘हे लंडनच्या सेंट पँक्रासची नक्कल आहे.’ सेंट पँक्रासचं हॉटेल स्कॉटचं, आणि त्याची छाया टोकेरी कमानींत, रंगीत दगडांत, मनोऱ्यांत जरूर आहे. पण सेंट पँक्रासला घुमट नाही. अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट इटालियन गॉथिक इमारतीवर चढवणं ही व्हीटीची स्वतःची करामत. घुमटाखालचा जिना भिंतीतून बाहेर काढलेल्या पायऱ्यांचा आहे. मोकळ्या बाजूला खांबाचा टेकू नाही. तो रस्त्यावरून दिसत नाही. मध्य रेल्वेच्या आतल्या वारसा दालनाची फेरी वेगळी असते आणि कामकाजाच्या दिवशी दुपारी चौकशी करून जावं लागतं. ‘आतून दाखवू’ असं कुणी फेरीच्या जाहिरातीत म्हटलं असेल तर घुमटाखालचा जिना त्यात आहे का, हे स्पष्ट विचारा. या फेरीत तो नव्हता.

बाहेरून मात्र पाहण्यासारखं इतकं आहे की एक तास कमी पडावा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. इंग्लंड आणि हिंदुस्थान. घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती थॉमस अर्पने घडवली, उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे, तिथली राणीची मूर्ती स्वातंत्र्यानंतर हलवली. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून डोकावणारे रेल्वेशी संबंधित मंडळींचे दगडी चेहरे आहेत. त्यांत पगडीवाले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई शोधा. दुर्बिणीने दोन मिनिटांत सापडतात. कोरीव कामाचा मोठा भाग मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा, जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखालचा. त्यांनी इथली पानं आणि इथलेच प्राणी कोरले, म्हणून इटालियन खांबाच्या माथ्यावर मोर आणि माकडं बसली आहेत.

लोकलच्या तिकीटघराचा हॉल, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, कुणालाही मोकळा आहे. फेरी आत शिरून लगेच बाहेर पडली. तिथे रांगेच्या आड न येता एका खांबाशी थांबा आणि छताच्या कमानी खांबावर कशा उतरतात ते पाहा. छताचा भार फासळ्यांतून खांबावर, खांबातून जमिनीवर. मधल्या जागेला तो जवळपास लागतच नाही. गॉथिक रचना शिकायला मुंबईत यापेक्षा सोयीची जागा नाही, आणि त्याला तिकीटही लागत नाही.

दुरुस्तीबद्दल फेरीत एक अक्षर नव्हतं. ही मोठी उणीव. एवढ्या जुन्या इमारतीला काय दुखतं हे न सांगता तिचं वय सांगण्यात अर्थ नाही. ही बांधकामं चुन्यात आहेत. चुन्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, दगडापेक्षा मऊ. भिंतीत मुरलेलं पाणी त्यांतून बाहेर येऊन सुकतं. पुढे कुणी त्याच दरजा सिमेंटने भरल्या की वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू लागतं आणि येताना खार घेऊन येतं. समुद्र जवळ, खाराला तोटा नाही. तो पृष्ठभागाच्या मागे स्फटिक धरतो आणि पोरबंदरचा मऊ दगड पापुद्र्यासारखा सुटतो. काळ्या पाषाणाला काही होत नाही. म्हणून भिंत धडधाकट आणि तिच्यावरच्या फुलांची नाकं-डोळी गेलेली, असं दृश्य फोर्टात जागोजाग दिसतं. कुठल्याही इमारतीपाशी कोरीव काम झडलेलं दिसलं की आजूबाजूच्या दरजांचा रंग पाहा. करडा आणि गुळगुळीत असेल तर तो सिमेंट.

व्हीटीसमोरच महापालिका. दोन रस्त्यांच्या बेचक्यात, टोकाशी निमुळती होत गेलेली जागा, आणि स्टीव्हन्सने त्या टोकावरच मनोरा उभा केला. पायाभरणी 1884 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते झाली, पण काम सुरू व्हायला 1889 उजाडलं. मद्रासकडचा आर्किटेक्ट रॉबर्ट फेलोज चिझमचा इंडो-सारासेनिक, म्हणजे मुघली वळणाच्या घुमट-कमानींचा, आराखडा स्पर्धेत होता. शेवटी स्टीव्हन्सचा घेतला गेला. तोवर त्याने सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटला होता. गॉथिक सांगाड्यावर त्याने इथे मुघली वळणाचे घुमट चढवले. चिझमच्या शैलीची हवा वाहत होतीच. 1893 मध्ये इमारत पुरी झाली तेव्हा मंजूर रक्कम 11,88,082 रुपये होती आणि खर्च झाला 11,19,969 रुपये. मंजुरीपेक्षा कमी खर्चात सरकारी इमारत! याचं श्रेय घेताना आणखी दोन नावं घ्यायलाच हवीत: सहायक इंजिनिअर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, जे व्हीटीवरही स्टीव्हन्सबरोबर होते, आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. फेरीत यांपैकी एकही नाव आलं नाही. फेरी निवडताना हीच कसोटी लावा: सीताराम खंडेराव कोण होते, असं आधी विचारा. उत्तर आलं तर पैसे द्या.

महापालिकेवर पंखांचे राक्षसी प्राणी भिंतीतून बाहेर झेपावलेले आहेत. सांगणारा सगळ्यांनाच गार्गॉइल म्हणत होता. खरा गार्गॉइल म्हणजे पन्हाळ. छपराचं पाणी त्याच्या घशातून भिंतीपासून लांब पडतं. आपल्या देवळांतल्या गोमुखाचं काम आणि त्याचं काम एकच. तोंडात भोक नसेल तर ती नुसती शोभा. जबड्यात काळा डाग आणि खाली भिंतीवर ओघळ दिसला तर पन्हाळ. पावसाळ्यात गेलात तर शंकाच उरत नाही.

उजेडाचं गणित या फेरीला साधलेलं नाही. व्हीटीचं तोंड पश्चिमेला. सकाळी 8 वाजता सूर्य तिच्या पाठीशी असतो, दर्शनी भिंत सावलीत आणि आकाश पांढरं. फोटो काळे येतात, कोरीव काम सपाट दिसतं. दुपारी 3 नंतर तीच भिंत उजळते आणि प्रत्येक चेहऱ्याला सावली पडते. रीगलहून दुपारी दीडला निघून साडेतीनच्या आसपास व्हीटीला पोचणं सर्वात चांगलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ऊन सोसतं. एप्रिल-मेमध्ये अडीचला निघा. रस्ता ओलांडताना भुयारी मार्गच वापरा. फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याजवळ उभं राहिलं की महापालिका आणि व्हीटी दोन्ही मान वळवून दिसतात. पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर तिथल्या गोंगाटात मागच्यांना काही ऐकू येत नाही. या फेरीत पंचवीसेक होती.

चर्चगेट फेरीत नाही. आडवाटेला आहे हे कारण दिलं गेलं, पण फाउंटनपासून ते पायी दहा मिनिटांवर आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं मुख्यालय, आजचं पश्चिम रेल्वेचं, 1894 मध्ये सुरू आणि 1899 मध्ये पूर्ण. या कामात मुलगा चार्ल्स बरोबर होता. काळ्या पाषाणाच्या भिंती, पांढऱ्या पोरबंदरचे घुमट. सेलर्स होममध्ये पट्ट्यापट्ट्याने आलेली दोन दगडांची वाटणी इथे अख्ख्या इमारतीचा पोशाख झाली आहे. पश्चिमेच्या गॅबलवर रॉस्को मलिन्सने घडवलेली अभियांत्रिकीची मूर्ती आहे, तिच्या हातात छोटं रेल्वे इंजिन. इमारत पुरी झाल्यावर पुढच्याच वर्षी स्टीव्हन्स गेला, वयाच्या 52 व्या वर्षी, आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. फेरी संपल्यावर परतीची गाडी चर्चगेटहून धरा आणि स्टेशनात शिरण्याआधी रस्त्यापलीकडून दुर्बिणीने ते इंजिन शोधा. बाई त्याला तान्ह्या मुलासारखं सांभाळून धरून उभी आहे.